आमच्या पुढे गेलेला कुबल

“वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्यांत वारा, ऊन, पाणी जाऊ द्यायचं नाही.” डॉक्टरांनी दिलेला कागद मी तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला, तेव्हा भिकाजीमामा होडीत वाकून, वाळूचं पोतं उचलून, वाऱ्याकडे तोंड करून उभा होता.

“वाचून झाला?” त्याने विचारलं.

“झालं.”

“मगे घडी घालून खिशात ठेव. भिजात तो.”

दसऱ्याची सकाळ होती. नुकतं फटफटलं होतं आणि मामाच्या डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा होता, कानापासून कानापर्यंत. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. डाव्याचा नंबर दिवाळीनंतर लागायचा होता. म्हणजे एक डोळा बरा होत होता, दुसरा बिघडत होता, आणि दोन्ही काळ्या काचेमागे होते. अशा माणसाने त्या दिवशी शिडाची होडी हाकत सहा मैल जायचं, असं ठरलं होतं. ठरवलं अर्थात त्यानेच होतं.

वाळवटची थोरली देवी दर दसऱ्याला शिंपलवाडीच्या धाकट्या बहिणीला सोनं पाठवते. सोनं म्हणजे आपट्याची पानं, लाल फडक्यात बांधलेल्या टोपलीतून. ती टोपली समुद्रातूनच जायला हवी आणि शिडाच्या होडीतूनच. इंजिन लावावं का म्हणून एकदा देवीला कौल लावला, तर पाकळी डाव्या बाजूने पडली, आणि विषय तिथेच मिटला. टोपली न्यायचा मान मामाच्या घराण्याचा, मेथरांचा. त्यांच्या मागून तासाभराने कुबलांची होडी निघते, पाठराखण म्हणून. मेथरांची होडी वाटेत अडलीच तर कुबलांनी टोपली घ्यायची. आणि कुबल मेथरांच्या आधी धाकट्या देवीपाशी पोचले, तर मान कायमचा कुबलांचा. आजवर कधी पोचले नव्हते.

त्या वर्षी पुंडलिक कुबलने देवळात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “भिकाजीक आता दिसना नाय. औंदा टोपली माज्याकडे द्या. उगाच देवीक बुडवू नकात.”

मामाने घरी येऊन मला मिरजेला फोन केला. “दिगू, तुजो तो पाटयेसारखो फोन घेवन ये.”

पाटीसारखा फोन म्हणजे माझा टॅब. रस्ते मोजणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला होतो आणि टॅब कंपनीने दिलेला होता. मागच्या गणपतीत मी मामाला त्यावर वाळवटचं घर, अंगणातली विहीर आणि विहिरीवरचा माड दाखवला होता, तेव्हापासून त्याचा त्या यंत्रावर आणि जरासा माझ्यावरही विश्वास बसला होता. मी लगेच समुद्राचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप उतरवून घेतलं. त्याचं माहितीपत्रक अठ्ठावीस पानांचं होतं. मी चार वाचली. नकाशावर आपण दिसतो, आसपासच्या होड्याही दिसतात, एवढं कळलं. आणखी काय हवं? मिरजेत समुद्र नाही, ही गोष्ट मी त्या दोन दिवसांत कुणाला आठवू दिली नाही.

“तू माजे डोळे,” मामा म्हणाला होता. “तू बघ, मी हाकतंय.”

सव्वीस वर्षांच्या भाच्याला चाळीस वर्षं समुद्र तुडवलेल्या मामाने असं म्हटलं की छाती फुगते. माझी इतकी फुगली की त्यापुढचं काही दिसेना.

घरी मामीची दसऱ्याची पूजा पहाटेच आटपली होती. सुकाणू, वल्हं, जाळं, विळी, शिवणयंत्र, मिक्सर, मामाची सायकल, सगळ्यांना हात लागला होता. मामाच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीवरही फूल होतं. आंघोळ करून मी बाहेर आलो तेव्हा इंदूमामीने टॅब जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड सुतळीने करकचून बांधून ठेवलं होतं.

“पाणी लागात,” ती म्हणाली. “माजी गाठ सुटाची नाय.”

गाठ खरोखरच सुटणारी नव्हती. पिशवीवरून पडद्यावर बोटही चालत नव्हतं. पण नकाशा मी आधीच लावून ठेवला होता, वाळवटपासून शिंपलवाडीपर्यंतचा सगळा किनारा एका पडद्यात मावत होता, आणि पडदा बंद होणार नाही अशी सोयही केली होती. बोट चालायची गरजच काय?

आम्ही निघालो. टोपली पुढे नाळेजवळ, मामा मागे सुकाणूवर, मधे मी, मांडीवर टॅब. जमिनीकडून मतलई वारा सुटला होता. किनाऱ्यावर धुकं होतं आणि त्यातून देवळाचा ढोल ऐकू येत होता. मामाने शीड सोडलं, होडी कलली, आणि मी माझं काम सुरू केलं.

“दिगू, आपण खंय असंव?”

मी बघितलं. किनाऱ्यापासून बरंच पुढे, म्हातारीच्या खडकाच्या अलीकडे, एक लाल ठिपका होता. चांगला ठसठशीत. “मामा, आपण खडकाजवळ पोचलो!”

“इतक्यात?”

“वारा चांगला आहे ना.”

मामाने मान वळवून मागे पाहिलं. “ढोल तर हयच वाजता.”

“पाण्यावरून आवाज लांबवर येतो,” मी म्हणालो. हे मी शाळेत शिकलो होतो.

त्यानंतर मला दुसरी गोष्ट दिसली. वाळवटच्या किनाऱ्यालगत होडीच्या आकाराची एक बारीक काळी खूण होती आणि ती हलत होती. ती आमच्या दिशेने येत होती.

“मामा, कुबल निघाला!”

“काय?” मामा अर्धा उठला. “एक तास थांबाचा असता! देवीच्या म्होरं नारळ ठेवन कबूल केल्यानी!”

“निघालाय. मला दिसतोय.”

“शीड दिसता?”

मी मागे पाहिलं. धुकं होतं. “शीड दिसत नाही. पण टॅबवर आहे.”

मामाने कुबलच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला आणि शिडाची दोरी ताणून धरली. होडी सपसप पाणी कापू लागली. दहा मिनिटांनी मी पुन्हा पाहिलं. काळी होडी चांगलीच पुढे सरकली होती. लाल ठिपका होता तिथेच होता.

“मामा, आपण हलत नाही आहोत.”

“हलत नाय? अरे, पाणी बघ कसा पळता!”

“पाणी पळतंय. आपण थांबलोय. ओहोटीचं पाणी असेल.” मग मी आणखी निरखून पाहिलं आणि मला उलगडा झाला. लाल ठिपक्याला लागूनच एक फिकट पिवळा डाग होता. “मामा, आपण वाळूवर चढलोय! इथे उथळ आहे, नकाशात पिवळं दाखवलंय.”

“हय वाळू नाय. हय सात वाव पाणी असा.”

“नवीन साचली असेल. हे बघा, इथे दीपगृहसुद्धा आहे.” पिवळ्या डागाच्या टोकाला काहीतरी पांढरं, लांबट, उभं होतं.

“दीपगृह?” मामाने चष्म्याआडून चौफेर पाहिलं. “हय कोणी बांधल्यान?”

“सरकारने.”

एरवी मामा नुसत्या पाण्याच्या रंगावरून खाली काय आहे ते सांगायचा. आता त्याने एक हात पाण्यात घातला, धरून ठेवला, मग बाहेर काढून लुंगीला पुसला.

“माका तर होडी पळताना दिसता, दिगू,” तो हळू म्हणाला. “पण आता माज्या डोळ्यांचा काय खरा? तुका काय दिसता ता सांग.”

मला त्या क्षणी त्याची फार दया आली. आज ते आठवलं की स्वतःची येते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “काळजी करू नका मामा, मी आहे ना. आधी होडी हलकी करू.”

वजन म्हणून ठेवलेली वाळूची चार पोती आम्ही समुद्रात टाकली. मामाला वजन उचलायचं नव्हतं, म्हणून ती मी एकट्याने उचलली आणि कमरेत उसण भरून घेतली. लाल ठिपका हलला नाही. काळी होडी मात्र एकदम वेगात आली.

“कुबल जोरात आलाय, मामा!”

“आणखी टाक!”

पाण्याचा कॅन गेला. जाळं गेलं. देवळात जाताना घालायला आणलेले माझे नवे बूट गेले. मामीने दिलेला कोंबडी-वड्यांचा डबा मी उचलला तेव्हा मामाने माझा हात धरला. दोघांनीही डब्याकडे पाहिलं. मग त्याने हात सोडला आणि तोंड फिरवलं. डबा बुडताना बुडबुडे आले आणि वासही आला.

आम्ही जे जे टाकत होतो, त्यानं कुबलच पुढे सरकत होता. मला हे फार अन्यायाचं वाटत होतं. “आपण काहीही केलं की तोच पळतोय!” मी अगदी रडकुंडीला येऊन म्हणालो.

“पुंडल्याच तसो,” मामा दात खाऊन म्हणाला. “वल्हा उभा कर.”

मी वल्हं उभं धरलं. मामाने कमरेची लुंगी सोडली, दोन टोकं वल्ह्याला बांधली, दोन होडीच्या कडांना अडकवली, आणि आमच्या होडीला दुसरं शीड लाभलं, निळ्या चौकड्यांचं. आता मामा खाकी हाफपँट, गंजी आणि काळा चष्मा अशा अवतारात सुकाणूवर बसला होता. होडी अशी काही उसळली की मी उताणा पडलो. पडल्यापडल्या मी टॅब डोळ्यांसमोर धरला. काळी होडी लाल ठिपक्यापासून बोटभर अंतरावर आली होती.

“मामा! कुबल अंगावर येतोय!”

“खंय?”

“अगदी मागे! शेपटाला!”

“तेचो सदाचो खोकलो कसो ऐकू येणा नाय?”

“वळवा मामा, वळवा! धडकला! धडकला!”

मी डोळे मिटले आणि डोलकाठीला मिठी मारली. मामाने सुकाणू दाबलं, होडीने एक गिरकी घेतली, अर्धी बादली पाणी आत आलं. मग काहीच झालं नाही. वारा वाहत होता. म्हातारीचा खडक उजव्या हाताला अगदी जवळून मागे जात होता आणि त्यावर एक बगळा बसला होता. दुसरं कोणी नव्हतं.

डोळे उघडून मी टॅबकडे पाहिलं. काळी होडी लाल ठिपक्याच्या पुढे निघाली होती.

“गेला,” मी म्हणालो. “मामा, कुबल आपल्या पुढे गेला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या पिढ्यांचा मान, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत चालला होता. मामा माझ्यावर ओरडेल असं वाटलं. पण मागून फक्त “बरा” एवढाच शब्द आला, आणि थोड्या वेळाने, “तू टॅबात बघत ऱ्हव. मान वर करू नको. कुबल खंय गेलो ता सांगत ऱ्हव.”

मी सांगत राहिलो. टॅबवरून नजर काढायची माझी हिंमतच नव्हती. कुबल पुढे गेला. कुबल वळला. कुबलने खाडीचं तोंड ओलांडलं. मामा मागून “हूं”, “बरा”, “मगे?” करत होता. होडी सुसाट चालली होती, मामा मधेच काहीतरी गुणगुणत होता, आणि मला वाटलं, दुःखाने त्याचं डोकं फिरलं.

बऱ्याच वेळाने मी मान वर केली ती ढोल ऐकून. समोर माडांच्या वर लाल पताका होती.

“मामा, शिंपलवाडीचं देऊळ दिसतंय.”

“असा? आणि आपण खंय असंव?”

मी टॅब पाहिला. “आपण म्हातारीच्या खडकाजवळ.”

“आणि कुबल?”

“कुबल आत्ता किनाऱ्याला लागला.”

त्याच क्षणी आमच्या होडीची नाळ वाळूत घुसली आणि मी टोपलीवर पालथा पडलो.

किनाऱ्यावर एकही होडी नव्हती. धाकट्या देवीचा गुरव तोंडात ब्रश घेऊन धावत आला. नेहमी मेथरांना तीन तास लागत. आम्ही पावणेदोन तासांत पोचलो होतो. ढोलवाला नुसता सराव करत होता. हाफपँटमधल्या मामाने टोपली डोक्यावर घेतली, चष्मा नीट केला आणि ताठ मानेने देवळाकडे निघाला. मी अनवाणी त्याच्या मागे गेलो. गुरवाने तोंड धुऊन टोपली उतरवून घेतली आणि सोनं धाकट्या देवीपुढे ठेवलं.

कुबल तासाभराने आला, सहा आसनी रिक्षेतून. केस तेल लावून चोपलेले, कपडे कोरडे ठणठणीत, आणि डाव्या गालावर चटईचे वळ. गुरवाने त्याला विचारलं, “पुंडलिक, होडी खंय तुजी?”

कुबलने गालावरचे वळ चोळले. देवीपुढे कबूल केलेली पाठराखण चुकली, तर दंड म्हणून वर्षभर देवळाचं अंगण झाडावं लागतं. तेवढ्यात मामा पुढे झाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “बरो पळालंस रे, पुंडलिका! म्हातारीच्या खडकाकडे माका मागे टाकलंस. मगे काय झाला? शीड फाटला?”

कुबलने मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मामाच्या उघड्या पायांकडे. “व्हय,” तो म्हणाला. “फाटला. होडी खाडयेत लावन रिक्षान इलंय.” आणि दम घेऊन वर म्हणाला, “तुजी लुंगी वाऱ्यार बघलंय, माका हसाक इला, आणि थंयच शीड फाटला.”

“मगे देवीच्या पायाशी आदी कोण पोचलो?” मामाने विचारलं.

“तू,” कुबल म्हणाला. इतकी माणसं ऐकत होती, दुसरं तो काय म्हणणार? गुरवाने मेथरांच्या हातात नारळ दिला. मान राहिला.

मी तर हवेत होतो. माझ्या टॅबने धुक्यातून कुबल ओळखला होता! जो भेटेल त्याला मी ते सांगत होतो. दुपारी मामी गावच्या बायकांबरोबर एसटीने आली, तेव्हा तिलाही सांगितलं आणि पिशवीची गाठ सोडायला टॅब तिच्या हातात दिला. तिने दाताने गाठ सोडली, टॅब बाहेर काढला आणि तिचा चेहरा उजळला.

“बघ, माजी पूजा कशी ऱ्हवली! हळद, कुंकू, अक्षता. कायच पुसूक नाय.”

तिने नखाने दीपगृह काढलं आणि केसांत टाकलं. मग पदराला थुंकी लावून आधी वाळू पुसली आणि नंतर मला पुसलं. पडद्यावर शिंपलवाडीच्या किनाऱ्यावर एक बारीक काळी होडी तेवढी उरली.

मी तिच्याकडे किती वेळ पाहत होतो कोण जाणे. मामी म्हणाली, “काय रे, पोटात दुखता? आणि वड्यांचो डबो खंय?”

मी कुणाला काही बोललो नाही. कसा बोलणार? पलीकडे मामा चार म्हाताऱ्यांत बसून शर्यत सांगत होता, कुबल त्याला मधेमधे तपशील पुरवत होता, आणि दोघांचे आवाज चढले होते. इतक्या महिन्यांत मामाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास गमावून बसला होता आणि त्यात माझा हात होता. आता त्याला खरं सांगून जिंकलेलंही काढून घेऊ? मी शरमेने मान खाली घालून भात खाल्ला आणि संध्याकाळच्या गाडीने मिरजेला पळालो.

वर्षभर ते मनात सलत राहिलं. पुढच्या दसऱ्याला मामाने पुन्हा बोलावलं. आता त्याचे दोन्ही डोळे स्वच्छ झाले होते, काळा चष्मा खुंटीवर होता. त्याला माझी गरज नव्हती, तरी म्हणाला, टॅब आण. पहाटे मामी पूजेला बसली. टॅबपाशी आल्यावर मी घाईघाईने म्हणालो, “मामी, ह्याला नको. ह्याला मागच्या बाजूने लाव.”

“तू गप ऱ्हव,” मामा म्हणाला. तो माझ्या मागे येऊन उभा होता. त्याने वाकून पडद्यावर बोट ठेवलं, म्हातारीच्या खडकाच्या बरोबर अलीकडे. “हय लाव गो. गेल्या वर्साच्या जागेर. थंयसून होडी बरी पळता.”

मामी कुंकू लावून पुढच्या वस्तूकडे सरकली, तेव्हा मी त्याला अंगणात गाठलं.

“मामा, तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय तर.”

“कधीपासून?”

“खडकाकडे. तू ‘धडकला’ म्हणान बोंब मारलंस. मी चष्मो काढून बघलंय, तर थंय फक्त बगळो.” तो हसला. “मगे तुज्या मांडयेर बघलंय. पिशवेत कुंकू. माका एका डोळ्यान दिसला ता तुका दोन डोळ्यांनी दिसूक नाय.”

“मग चष्मा?”

“मगे खयचो चष्मो? थंयसून शिंपलवाडीपर्यंत उघड्या डोळ्यान हाकलंय. पाण्याचो रंग दिसलो, कातळ दिसलो, देवळाची पताका तर मैलभरावरसून दिसली. माका वाटला होता सगळा गेला, दिगू. थंय कळला, कायच जाऊक नाय.” बोलता बोलता त्याने डोळे पुसले, आता कुणाचीच मनाई नव्हती. “किनारो इलो तसो चष्मो परत लावलंय.”

मी त्याचा हात हातात घेतला. पण वर्षभर सोसलेली शरम अशी फुकट गेली, याचा रागही आला. “मला तेव्हाच का नाही सांगितलंत? मी मान वर करायची नाही म्हणून कुबल कुबल करत बसलो!”

मामाने माझ्या शर्टाच्या खिशावर दोन बोटं आपटली, मागच्या वर्षी डॉक्टरांचा कागद ठेवला होता तिथेच.

“तुका सांगितला असता,” तो म्हणाला, “तर तू परत तो कागद वाचूक लागलो असतस.”